प्रथमपुरुषी नेमबाजी : जुन्या संगणक-खेळांतील ‘मी’

१

संगणकावरील ज्या खेळांना इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात, त्यांचा विचार विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत करावयाचा म्हटले की वाचकाच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. पोरांनी बंदुका उडवावयाच्या आणि पंडितांनी त्यावर लिहावयाचे, हे काही फारसे शोभणारे नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु या खेळांच्या नावाकडे थोडे लक्ष दिले तर या आक्षेपाची धार कमी होईल. ‘फर्स्ट पर्सन’ ही संज्ञा व्याकरणातली आहे. पडद्यावर जे दिसते ते खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखे असते. त्याचे स्वतःचे शरीर दिसत नाही, खालच्या कडेला फक्त त्याचा हात आणि हातातले शस्त्र दिसते. एवढ्यावरून या प्रकाराला प्रथम पुरुषाचे नाव मिळाले. व्याकरणाकडून उसनी घेतलेली ही संज्ञा तेथे कितपत सार्थ ठरते, हे तपासणे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे नाही.

‘जुने’ या विशेषणाने येथे कोणते खेळ अभिप्रेत आहेत तेही सांगितले पाहिजे. १९९२ मधील ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’, १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेला ‘डूम’, १९९६ चा ‘क्वेक’, १९९८ चा ‘हाफ-लाइफ’, त्याच्याच पायावर उभा राहून २००० मध्ये स्वतंत्रपणे विक्रीस आलेला ‘काउंटर-स्ट्राइक’, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ ही त्यांची ठळक नावे होत. पहिले तीन टेक्सासमधील ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा मंडळीने केलेले. शेवटचा ‘इनरलूप’ या नॉर्वेजियन मंडळीचा.

प्रस्तुत लेखिकेचे निरीक्षणाचे क्षेत्र मात्र यांपैकी कोणत्याही देशातले नसून दिव्यातले आहे. मुंब्र्याच्या पुढचे हे जंक्शन. तेथून ठाणे, कल्याण, पनवेल आणि वसई अशा चार दिशांना रूळ फुटतात. मूळची आगरी गावे, आणि त्यांच्या भोवती कोकणातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या व परवडणारी खोली शोधणाऱ्या माणसांची दाट वस्ती, असे त्या गावाचे रूप आहे. २००१ ते २००४ या काळात स्टेशनाच्या रस्त्यावरील एका गाळ्यात सायबर कॅफे होता. सहा यंत्रे एकमेकांना तारांनी जोडलेली. तासाला वीस रुपये. धाकट्या भावाला जेवायला बोलावून आणण्याच्या निमित्ताने तेथे जाणे होई आणि तो उठेपर्यंत थांबणेही होई. त्याच दिवसांत गाडीच्या प्रवासात भाषाविज्ञानाची पुस्तके वाचून होत असल्यामुळे कानावर पडणारी वाक्ये वहीत टिपून ठेवण्याची खोड लागली होती. पुढील विवेचन त्या वहीवर आधारलेले आहे. एका गाळ्यातल्या नोंदींवरून जेवढे म्हणता येईल तेवढेच म्हणण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

या खेळांच्या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे नेहमी ऐकू येतात. पहिले गतकाळाच्या ओढीचे. ज्यांनी ते लहानपणी खेळले त्यांना ते आवडतात, कारण त्यांना लहानपण आवडते, असा हा युक्तिवाद आहे. तो सोपा आहे, पण पुरेसा नाही. ‘डूम’ची मूळ आज्ञावली त्याच्या कर्त्यांनी १९९७ मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि तेव्हापासून आजतागायत हौशी मंडळी त्याचे नवे नवे नकाशे रचीत आली आहेत. २०१८ चा ‘डस्क’, २०१९ चा ‘आयन फ्यूरी’ यांसारखे खेळ मुद्दाम जुन्या धाटणीने घडवले गेले. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांचा जन्म ‘डूम’ नंतर दहा-बारा वर्षांनी झालेला आहे. तरी ते तो खेळतात. जे आपल्या आयुष्यात घडलेच नाही त्याची आठवण येत नाही. तेव्हा आकर्षणाचे कारण खेळाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

दुसरे स्पष्टीकरण हिंसेचे. मारण्याची आदिम वासना येथे निर्धोकपणे भागवली जाते म्हणून मुले या खेळांकडे धावतात, असे पालक म्हणतात आणि वर्तमानपत्रेही म्हणतात. या मताचा भाषिक पुरावा म्हणून कॅफेतल्या मुलांच्या तोंडी असलेला ‘मारणे’ या क्रियापदाचा भडिमार दाखवता येईल. परंतु तो पुरावा तपासून पाहिला तर वेगळेच दिसते. मराठीत आपण हाक मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, दांडी मारतो, शिट्टी मारतो, बुडी मारतो, गप्पा मारतो आणि मिठीसुद्धा मारतो. नामाला जोडून येणारे हे साहाय्यक स्वरूपाचे क्रियापद झटकन आणि एका दमात होणाऱ्या क्रियेचा निर्देश करते. वधाचा अर्थ त्यात उरत नाही. कॅफेतही ‘एंटर मार’, ‘रीलोड मार’, ‘सेव्ह मार’, ‘मागून चक्कर मार’ हीच वाक्ये अधिक होती. ज्याला खरोखर गोळी घालावयाची त्याच्याबद्दल मुले बहुधा ‘उडव’ किंवा ‘घे त्याला’ असे म्हणत. अर्थात एवढ्याने हिंसेचा प्रश्न निकालात निघतो असे नाही. तो पाचव्या भागात पुन्हा घ्यावा लागेल. येथे एवढेच म्हणावयाचे की, क्रियापदापेक्षा सर्वनामाकडे पाहिले तर अधिक हाती लागेल.

३

‘मी’ हा शब्द इतर शब्दांसारखा नाही. ‘झाड’ म्हटले म्हणजे कोणीही म्हणो, अर्थ झाडच. ‘मी’ म्हटले म्हणजे जो म्हणेल तो. येस्पर्सन याने १९२२ मध्ये अशा शब्दांचा एक वेगळा वर्ग कल्पिला, आणि रोमान याकोबसन याने १९५७ मध्ये त्याची व्यवस्थित मांडणी केली. बोलणारा बदलला की अर्थ सरकतो, म्हणून या शब्दांना सरकते शब्द म्हणावे. ‘मी’ हे एक रिकामे आसन आहे. त्यावर बसणारा मनुष्य बोलेपर्यंतच ते भरलेले असते. तो थांबला की दुसऱ्यासाठी पुन्हा रिकामे.

जुन्या खेळांचे पहिले मर्म या रिकामेपणात आहे. ‘डूम’चा नायक निनावी आहे. हा योगायोग नव्हे. या खेळाच्या आरंभीच्या आराखड्यात टॉम हॉल याने नावे असलेली अनेक पात्रे आणि सविस्तर कथानक योजिले होते. ते बहुतांशी बाजूला पडले, आणि स्वतः हॉल १९९३ मध्ये खेळ पुरा होण्यापूर्वी संस्थेतून बाहेर पडला. उरला तो एक अनाम सैनिक. त्याला नाव न देण्याचे कारण तो म्हणजे खेळणारा स्वतःच असावा हे होते, असे जॉन रोमेरो याने पुढे सांगितले आहे. पडद्याच्या तळाशी त्या सैनिकाचा चेहरा मात्र दिसतो. तो डावीउजवीकडे पाहतो, आणि प्रकृतीचा आकडा शंभरावरून घसरू लागला की रक्ताळत जातो. प्रथम पुरुषाला स्वतःचा चेहरा दिसावा हे तर्काला धरून नाही; पण आरशासारखा हा तुकडा ‘हा तूच आहेस’ असे सतत बजावीत राहतो, आणि त्यापलीकडे काही सांगत नाही.

दुसरे मर्म व्याकरणाच्या आटोपशीरपणात आहे. ‘डूम’मध्ये शस्त्रे आठ, शत्रूंचे प्रकार दहा, दारे उघडणाऱ्या किल्ल्या तीन रंगांच्या. एका खोलीवर दुसरी खोली असू शकत नाही. मान वर किंवा खाली करता येत नाही. या मर्यादा तत्कालीन यंत्रांच्या कुवतीमुळे आल्या. परंतु भाषेतही पाच-पन्नास ध्वनींची मर्यादा असते आणि त्यामुळे तिचे काही अडत नाही. प्रत्येक शत्रूला येथे एकच एक अर्थ आहे. ‘इम्प’ आगीचा गोळा फेकतो. तो दिसेल एवढ्या वेगाने येतो, म्हणून बाजूला सरकून चुकवता येतो. बंदूकधारी सैनिकाची गोळी चुकवता येत नाही. तिच्यासाठी आडोसा शोधावा लागतो. गुलाबी राक्षस दुरून काहीच करीत नाही, अंगाशी येऊन चावतो. शिवाय एका जातीच्या राक्षसाचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते आपसांत भांडू लागतात. हे नियम अर्ध्या तासात कळतात. कळल्यानंतर या तिघांना एकदा मोकळ्या अंगणात आणि एकदा अरुंद बोळात उभे केले की दोन निराळी वाक्ये तयार होतात, आणि खेळणारा ती वाचू लागतो. ठरावीक वर्णांतून अगणित वाक्ये निघावीत तसा हा प्रकार आहे. नवा नकाशा म्हणजे माहीत असलेल्या भाषेतील न ऐकलेले वाक्य. हौशी मंडळी तीस वर्षे नकाशे रचीत राहिली याचे कारण येथे आहे. व्याकरण लहान असले की बोलणारे पुष्कळ होतात.

पुढील काळातील मोठ्या खर्चाच्या खेळांत याच्या उलट झालेले दिसते. नायकाला नाव मिळाले, भूतकाळ मिळाला, संवाद मिळाले. मधूनमधून खेळ थांबवून त्याची कथा चित्रपटासारखी दाखवली जाऊ लागली. चित्रण अधिक सुंदर झाले यात शंका नाही. परंतु ज्या आसनावर आपण बसावयाचे त्यावर आधीच कोणी बसलेला आहे, ही जाणीव खेळणाऱ्याला होऊ लागली. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कॅमेरा प्रथमपुरुषी राहिला आणि कथन तृतीयपुरुषी झाले.

४

दिव्याच्या कॅफेतल्या वहीत सर्वाधिक वेळा आलेले वाक्य कोणते, हे पाहू गेल्यास ते ‘मेलो’ हे आहे. कधी एकदा, कधी दोनदा, बहुधा ‘रे’ लावून. कोकणातून आलेला एक मुलगा ‘मेलंय’ म्हणे, उत्तरेकडचे ‘मर गया’ म्हणत. एरवीच्या भाषेत हे वाक्य चमत्कारिक आहे. ‘तो मेला’ हे कोणीही म्हणू शकतो. ‘मी मेलो’ हे शब्दशः खरे असताना म्हणू शकेल असा कोणी नाही. मराठीत ते आपण भीतीने, थकव्याने किंवा लाडाने म्हणतो, आणि त्याचा भूतकाळ भूतकाळाचा नसतो. ‘आलोच’ म्हणणारा अजून निघालेलाही नसतो, ‘पडलो!’ म्हणणारा अजून पडलेला नसतो. घडू घातलेली गोष्ट घडून गेल्यासारखी सांगण्याची ही मराठीची सोय आहे. कॅफेत तिचे दोन्ही उपयोग एका मिनिटाच्या अंतराने ऐकू येत. शत्रू समोर आला म्हणजे पहिला ‘मेलो’, आणि पडदा लाल झाल्यावर दुसरा. पहिला नेहमीचा आलंकारिक. दुसरा अक्षरशः खरा, आणि तरीही बोलणारा तो बोलू शकतो. मृत्यूनंतर प्रथम पुरुष टिकून राहणे ही गोष्ट भाषेने नाकारलेली. खेळाने ती दिली.

हे नवे आहे काय? महाराष्ट्रातील वाचकाला यात काही ओळखीचे दिसेल. हुतुतूच्या मैदानावर गडी ‘मरत’ आला आहे आणि ‘जिवंत’ होत आला आहे. कबड्डीचे नियम एकरूप होण्यापूर्वी तिच्या तीन पद्धती प्रचलित होत्या : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक मेलेला गडी उठतो. गामिनीत मेलेला उठत नाही. एका बाजूचे सगळे बाद होईपर्यंत तो बाहेर बसून राहतो. अमर पद्धतीत शिवला गेलेला गडी मैदान सोडीतच नाही. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो.

या तीन संज्ञा हाती घेतल्या की जुन्या नेमबाजीच्या खेळांचे वर्गीकरण आपोआप होते. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ यांमधील आपसांतील झुंज, जिला रोमेरोने ‘डेथमॅच’ हे नाव दिले, ती अमर पद्धतीची आहे. मेलेला खेळाडू क्षणात दुसऱ्या जागी उभा राहतो, मारणाऱ्याच्या नावावर एक गुण चढतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ गामिनी आहे. डाव संपेपर्यंत मेलेल्याने बसून पाहावयाचे. तिची सगळी गोडी या बसण्यात आहे, कारण पुन्हा उठता येणार नसल्यामुळे प्रत्येक वळणावर पाऊल जपून टाकावे लागते. संजीवनीचे न्याय्य देवघेवीचे तत्त्व मात्र त्या काळच्या नेमबाजीत विरळाच. ते मैदानातच राहिले.

‘प्रोजेक्ट आयजीआय’चे स्थान याहून निराळे आहे. त्याच्या नावातील तीन अक्षरे ‘मी आत जात आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे होत. खेळाचे नावच प्रथमपुरुषी वाक्य असणे हे लक्षात घेण्यासारखे आहे. चौदा मोहिमा, प्रत्येकीत एकट्याने शत्रूच्या तळात शिरावयाचे, काम उरकावयाचे आणि जिवंत परतावयाचे. मोहिमेच्या मध्यावर खेळ जतन करून ठेवण्याची सोय त्यात नाही. समीक्षकांनी याला दोष मानले. दिव्यातल्या मुलांना तो दोष वाटला नाही, याचे कारण मला असे वाटते की त्यांना चढाई माहीत होती. चढाई करणारा गडी एका श्वासात जातो आणि त्याच श्वासात परत यावे लागते. दम तुटला की तो मेला. आयजीआयची मोहीम म्हणजे असाच एक लांबलेला दम होय. त्यात भारनियमनाचे दिवस. चाळीस मिनिटे पोटावर सरपटत, पहारेकरी चुकवीत मुलगा अखेरच्या कुंपणापाशी पोचावा आणि गाळ्यातील सहाही पडदे एकदम काळे व्हावेत, असे आठवड्यातून दोनदा तरी होई. त्या अंधारात पहिला आवाज ‘मेलो’ असा येई, आणि मग हशा पिकत असे. माझा भाऊ तर अशा वेळी लगेच उठत नसे. वीज येईल, तेव्हा तासाचे उरलेले पैसे बुडणार नाहीत, या हिशेबाने तो अंधारातच बसून राही आणि मला कुंपणाचा राहिलेला भाग तोंडाने सांगे. तो ‘मी इथून गेलो, मग मी इथे थांबलो’ असे सांगत असे. आयजीआयच्या नायकाला डेव्हिड जोन्स असे नाव आहे. तीन वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही.

५

आता हिंसेच्या प्रश्नाकडे. भाषेत ‘मी’ एकटा राहू शकत नाही. तो उच्चारताच समोर ‘तू’ उभा राहतो. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ मधील एका निबंधात असे प्रतिपादिले की, पहिले दोन पुरुष एकमेकांशी बोलतात आणि जागा बदलतात. तिसरा पुरुष या व्यवहाराच्या बाहेर असतो, म्हणून तो खरे पाहता पुरुषच नव्हे. त्यासाठी त्याने अरबी व्याकरणकारांच्या संज्ञांचा आधार घेतला आहे. ते पहिल्याला ‘बोलणारा’, दुसऱ्याला ‘ज्याच्याशी बोलले जाते तो’ आणि तिसऱ्याला ‘गाइब’, म्हणजे अनुपस्थित, असे म्हणतात. आपला ‘गायब’ हा शब्द तोच. पाणिनीनेही तिसऱ्याची व्यवस्था उरलेल्या सर्वांसाठी म्हणूनच केली आहे. मराठी तर हा भेद वाक्यरचनेत दाखवते : मी मारले, तू मारलेस, पण त्याने मारले. ‘ने’ प्रत्यय फक्त अनुपस्थितालाच लागतो; समोरासमोर असलेल्या दोघांना लागत नाही.

या कसोटीवर जुन्या खेळांचे दोन गट पडतात. एकट्याने खेळावयाच्या खेळात शत्रू सदैव ‘तो’ असतो. ‘डूम’मधले राक्षस कधीच ‘तू’ होत नाहीत; आयजीआयमधले पहारेकरी मनुष्यरूप असूनही होत नाहीत. धोक्याची घंटा वाजली की बराकीतून आणखी निघतात. ते मोजावयाचे असतात, ओळखावयाचे नसतात. या खेळांवरील नैतिक आक्षेपाचे खरे बळ येथे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. रक्त किती दाखवले हा मुद्दा गौण आहे. माणसाला कायमचा तृतीय पुरुष करून ठेवण्याची सवय ही चिंतेची गोष्ट होय, आणि ती सवय लावावयास बंदूक लागतेच असेही नाही. वर्तमानपत्राची भाषाही ती लावू शकते.

परंतु तारांनी जोडलेल्या सहा यंत्रांच्या खोलीत निराळे घडत असे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये ज्याला गोळी घालावयाची तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे. ‘कुठे लपलायस, ये ना बाहेर’, ‘तू मला मागून मारलंस, हे चालणार नाही’, ‘बघ, तुझ्या पडद्यात बघत नाहीये मी’ : वहीतील या नोंदींत द्वितीय पुरुषाचा सुकाळ आहे. पडद्यावरचा शत्रू गायब नव्हता. त्याचा खांदा लागत होता. आणि डाव संपला की बाजू बदलत. मघाचा ‘तू’ आता आपल्या बाजूचा होई, आणि तेव्हा मराठीतले ते खास सर्वनाम येई जे इंग्रजीत नाही : ‘आपण’. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. हा भेद आपल्या भाषेत द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासातून आला असावा, असे मत अभ्यासकांनी मांडलेले आहे. ‘आपण डावीकडून जाऊ’ असे ज्याला म्हटले जाई तो पाच मिनिटांपूर्वी शत्रू होता. आगरी, मालवणी, खानदेशी, भोजपुरी अशा घरांतली ही मुले एरवी एकमेकांबद्दल ‘आम्ही’ आणि ‘ते’ या भाषेत बोलत असत. त्या गाळ्यात तासभर तरी ती ‘आपण’ म्हणत.

तेथे एक अलिखित नियम होता : मेलेल्याने बोलू नये. कारण मेलेल्याला इतरांचे पडदे पाहावयास मिळत, आणि तो ओरडून शत्रूची जागा सांगू शके. हा नियम सतत मोडला जाई आणि त्यावरून होणारी भांडणे हाच खेळाचा उत्तरार्ध असे. मैदानाबाहेर बसलेल्या मेलेल्या गड्याने ‘पाय, पाय धर!’ असे ओरडावे तसेच हे होते. २०११ मध्ये केंद्र शासनाने सायबर कॅफेंसाठी नियम केले. त्यांत आडोशांची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी अशी एक अट आहे. दिव्याच्या त्या गाळ्यात आडोसे नव्हतेच. ते असते तर हा लेख लिहिण्याजोगे काही तेथे ऐकू आले असते असे वाटत नाही.

६

वर ‘मी’ला रिकामे आसन म्हटले. या विधानाला एक मोठी मर्यादा आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इंग्रजीत मृत्यूची बातमी स्वतःविषयी देताना लिंग सांगावे लागत नाही. मराठीत सांगावे लागते. पुरुष ‘मेलो’ म्हणतो, स्त्री ‘मेले’ म्हणते. सर्वनाम रिकामे असले तरी क्रियापद ते रिकामे ठेवीत नाही. तीन वर्षांच्या नोंदींत ‘मेलो’ची रूपे शेकड्यांनी आहेत. ‘मेले’ एकदाच आहे, आणि ते प्रस्तुत लेखिकेचे आहे.

एका संध्याकाळी सहावा गडी कमी पडत होता म्हणून भावाने मला खुर्चीवर बसवले. पहिल्याच डावात कोणीतरी मला टिपले आणि तोंडून सहज ‘मेले’ निघून गेले. हसले कोणी नाही. पण खोलीतले बोलणे थांबले, आणि पुढच्या डावापासून मला कोणी मारीना. समोर आलेला मुलगा वळून दुसरीकडे जाई. माझ्याशी बोलताना ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले, ‘ताई’ झाले. हे सौजन्य होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळाच्या दृष्टीने मी गायब झाले होते. जिला मारता येत नाही ती ‘तू’ नव्हे. तीन डावांनंतर मी उठले, आणि वही घेऊन पुन्हा मागच्या बाकावर बसले.

‘कोणीही बसावे असे आसन’ हे वर्णन म्हणूनच अर्धेच खरे आहे. खेळाने ते आसन कोणासाठी राखून ठेवलेले नव्हते. खोलीने राखले होते, आणि भाषेने ती गोष्ट उघड केली. ‘डूम’चा तो अनाम चेहरा पुरुषाचा आहे हे मला त्या दिवसापूर्वी कधी जाणवले नव्हते.

७

तो गाळा आता नाही. तेथे भ्रमणध्वनी दुरुस्तीचे दुकान आहे. आजची मुले लोकलमध्ये उभ्याने खेळतात. २०२० च्या सप्टेंबरात बंदी येण्यापूर्वी ‘पबजी’, आणि २०२१ पासून त्याची भारतीय आवृत्ती, हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. दिव्याला गाडी थांबते तेव्हा चढणाऱ्यांच्या रेट्यात त्यांचे हात हलतात, पण डोळे हलत नाहीत. खांद्यावरून डोकावल्यास असे दिसते की, बहुतेक जण आपल्या पात्राला पाठीमागून पाहत असतात. म्हणजे खेळणाऱ्याला स्वतःची पाठ दिसते. व्याकरणाच्या दृष्टीने हा तृतीय पुरुष झाला. त्या पाठीवरचा पोशाख विकत घेता येतो; रिकाम्या ‘मी’ला पोशाख विकता येत नव्हता. शत्रू जगात कोठेतरी असतो, आणि त्याच्याशी बोलता आले तरी त्याचा खांदा लागत नाही. खांदा ज्याचा लागतो तो शेजारचा प्रवासी खेळात नसतो.

यावरून आजचे खेळ निकृष्ट ठरवावेत असा हेतू नाही. त्यांतही मुले ‘आपण’ म्हणतात, हे कानांनी ऐकलेले आहे. आणि काही मुली त्यांत निःसंकोचपणे ‘मेले’ म्हणतात, हेही ऐकलेले आहे. समोर कोणी बसलेले नसण्याचा हा लाभ जुन्या गाळ्याला देता आला नसता. जुन्या खेळांची ओढ का टिकून आहे एवढाच आपला प्रश्न होता. त्याचे उत्तर थोडक्यात असे : त्यांनी खेळणाऱ्याला एक नाव नसलेला ‘मी’ दिला, सहज बोलता येईल एवढे लहान व्याकरण दिले, आणि जेथे यंत्रे एकमेकांना व माणसे एकमेकांशेजारी जोडलेली होती तेथे त्या ‘मी’ला खराखुरा ‘तू’ मिळाला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आज कोणत्याही यंत्रावर पुन्हा उभ्या करता येतात, आणि नव्या पिढीचे विद्यार्थी त्या करीतही आहेत. तिसरी गोष्ट आज्ञावलीत नव्हती.

विभागातील विद्यार्थ्यांनी बोलीभाषांच्या सर्वेक्षणासाठी बाहेर पडताना खेळांच्या जागाही पाहाव्यात, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते. कबड्डीचे मैदान असो, चाळीचा जिना असो किंवा लोकलचा डबा, सर्वनामे तेथे जशी उघडी पडतात तशी प्रश्नावलीपुढे पडत नाहीत. वही मात्र बरोबर असावी, आणि एखादा गडी कमी पडत असल्यास खेळावयास बसावे.